वीस सप्टेंबरचं पोस्टर

टोलीडो, ओहायो
१४ मार्च २०२४

प्रिय मार्सेला,

आपली ओळख होऊन पासष्ट वर्षं झाली आणि हे माझं तुला पहिलंच पत्र. कधी गरजच पडली नाही. आधी तुझ्या-माझ्या घरांमध्ये फक्त साबो म्हातारीचं अंगण होतं, आणि नंतर फोन होता. फोनवर हे बोलायचा मी या आठवड्यात तीनदा प्रयत्न केला. पण तू मध्येच हसतेस, "जाऊ दे गं बर्नी, म्हाताऱ्या झालो आपण" म्हणतेस, आणि मी जाऊ देते. चूक माझी असली की जाऊ द्यायला मला फार सोपं जातं. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. यातलं निम्मं तुला माहीत आहे. पण माझ्या बाजूने ते कसं दिसत होतं, हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही.

मी तुझ्यावर जळते. आधी "जळत होते" असं लिहिलं होतं, मग खोडलं.

चौथीत असताना मे महिन्यातल्या मिरवणुकीत मेरीच्या पुतळ्याला फुलांचा मुकुट घालायला एक मुलगी निवडायची होती. मी सगळी स्तोत्रं पाठ केली होती, हंगेरियनमधलीसुद्धा. सिस्टर वर्गात आल्या, एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मार्सेला, तू." तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस. घरी जाताना मला म्हणालीस, "तुला हवं तर तू घाल गं, मला त्या शिडीची भीती वाटते." ते देऊन टाकायलाही तुला काही वाटलं नाही, हे मला जास्त झोंबलं. मला जे मिळवायला जिवाचा आटापिटा करावा लागायचा, ते आपसूक तुझ्या मांडीवर येऊन पडायचं. आणि पावाचा चुरा झटकावा तसं तू ते झटकून उठायचीस.

बर्फघर मात्र माझं होतं. मॉमी नदीच्या काठचा तो बंद पडलेला बर्फाचा कारखाना, आत बुचाच्या जाड भिंती. त्यांच्यामुळे गिटारचा आवाज बाहेर फुटायचा नाही, आतल्या आत घुमून छातीवर आदळायचा. मे अडुसष्टमध्ये तिथे रॉकचं संगीत सुरू झालं, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सोळा महिने चाललं. एक शनिवार सोडून एक असे चौतीस कार्यक्रम झाले आणि त्या चौतिसांनाही मी हजर होते. कुठल्या शनिवारी कोण वाजवायला आलं होतं, कुणाचा ड्रमवाला पिऊन पडला आणि कुणाच्या वेळी वीज गेली, हे मला आजही तोंडपाठ आहे. पोस्टरं चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. कणकेची खळ बादलीत घेऊन मी शाळेनंतर खांबाखांबाला पोस्टरं लावत फिरायचे. त्या बदल्यात आत फुकट प्रवेश. आईला वाटायचं, मी चर्चच्या गायनाला जाते.

पोस्टरं ऑरिन टेट करायचा. तुला त्याचं नावही नीट आठवत नव्हतं, "तो लांब हातांचा" म्हणायचीस. चोवीस वर्षांचा होता, आधी किराणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बर्फघराच्या मागच्या यंत्रखोलीत दोरीवर ओली पोस्टरं वाळत घातलेली असायची आणि त्याच्या कोपरापर्यंत जांभळा रंग. मोटारीच्या कारखान्यातून त्याचा भाऊ उरलेला रंग आणायचा, तो ऑरिन शाईत मिसळायचा, म्हणून त्याची पोस्टरं तिरपी धरली की माशाच्या खवल्यांसारखी चमकतात. मी त्याच्या प्रेमात होते का? होते. त्याने मला कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. मी बादली उचलायचे, तो म्हणायचा, "बर्नी, नदीच्या बाजूचे खांब विसरू नकोस." सोळा महिन्यांत त्याने मला म्हटलेलं सर्वांत लांब वाक्य हेच.

तू तिथे दोनदा आलीस. पहिल्यांदा मी ओढून आणलं म्हणून, आणि अर्ध्या तासात कानात बोटं घालून बाहेर जाऊन बसलीस. दुसऱ्यांदाचं मी शेवटी लिहिणार आहे.

सप्टेंबर एकोणसत्तरच्या मध्यात छताचा एक तुकडा कोसळला. कुणाला लागलं नाही, पण बर्फघर बंद झालं ते कायमचंच. वीस सप्टेंबरचा पस्तिसावा कार्यक्रम झालाच नाही. त्याची पोस्टरं छापून तयार होती असं सगळे म्हणायचे, पण कुणी पाहिली नव्हती. मलाही ती चिकटवायला मिळाली नाहीत. ऑरिन त्याच महिन्यात ऑरेगनला निघून गेला.

मी जमवायला सुरुवात केली ती लेसशी लग्न झाल्यावर. तोपर्यंत कोण जपणार ती पोस्टरं? पावसाने, बर्फाने खांबांवरच कुजून गेली होती. अकरावं मला एका न्हाव्याच्या दुकानात जमिनीच्या लिनोलियमखाली सापडलं. सव्विसाव्यासाठी मी हिमवादळात फोर्ट वेनपर्यंत गाडी हाकली आणि ते ज्याच्याकडे होतं त्या माणसाच्या कुत्र्याने माझी पोटरी फोडली. टाके पडले, पण पोस्टर घेऊनच आले. टपाल कार्यालयात खिडकीवर बसायचे, तेव्हा येणाऱ्या प्रत्येक पन्नाशीच्या माणसाला विचारायचे, "तुम्ही कधी बर्फघरात जायचात का हो?" लेस म्हणायचा, "या घरात आपण दोघं आणि चौतीस कागद राहतो, आणि त्यात माझा नंबर छत्तिसावा आहे." तो मला सोडून निघून गेला तेव्हा तू पापरिकाशचा रस्सा घेऊन आलीस, आणि भिंतीकडे बघत म्हणालीस, "एवढ्याशा कागदांत काय आहे गं?" तेव्हा मी तुला घराबाहेर काढायच्या बेतात होते.

तोवर चौतीसही जमली होती. दुसऱ्या कुणाकडे वीससुद्धा नव्हती. लोक पोस्टरं तपासायला माझ्याकडे आणू लागले. सत्त्याऐंशी साली एका दुकानाने काही पोस्टरांच्या नकला छापल्या होत्या. भिंगाखाली धरलं की नकलेत बारीक ठिपके दिसतात, अस्सलात शाईचा थर बोटाला लागतो. मी डोळे मिटून सांगायचे. पस्तिसाव्याबद्दल मी ऐंशी साली ऑरिनचा पत्ता शोधून त्याला दोन पत्रं लिहिली. दुसऱ्याला त्याचं एक कार्ड आलं. "वीस सप्टेंबरची सगळी जाळली. शोधू नकोस." नाव नाही, काही नाही. ते कार्ड मी चौकटीत बसवून घेतलं. पुढे तो वारला हेही मला तीन वर्षांनी कळलं.

आता तुझ्या स्वयंपाकघरातला तो दिवस. तुझा नवरा, गस, गेल्यानंतरचा ऑक्टोबर. तू घर आवरत होतीस आणि मला फोन केलास, "बर्नी, टेबलक्लॉथच्या खणात खाली घातलेला कागद काढला, त्यावर बर्फघर लिहिलंय. तुला हवाय का?" मी विचारलं, कुठली तारीख? तू चष्मा शोधायला गेलीस. त्या दोन मिनिटांत मी फोन धरून भिंतीवरची पोस्टरं मोजत होते. "वीस सप्टेंबर," तू म्हणालीस, "आणि गंमत म्हणजे त्यावर मी आहे."

संग्रहालयातली टॅम्सिन तेव्हा माझ्या पोस्टरांच्या प्रदर्शनाची तयारी करत होती. तिला तूच बोलावून घेतलंस, कारण तुला वाटलं मला आनंद होईल. मी आले तेव्हा ती आधीच बसली होती, समोर तुझा अक्रोडाचा रोल, आणि टेबलावर ते पसरलेलं. निळ्या-नारिंगी रंगात एका मुलीचा चेहरा, बाजूने काढलेला, केसांतून नदी वाहते आहे आणि नदीत अक्षरं. तुझं नाक, तुझी हनुवटी. अगदी अठरा वर्षांची तू.

तू टॅम्सिनला सांगत होतीस, "एकदा त्याच्यासमोर बसले होते मी. मला वाटलं वहीत काहीतरी खरडतोय. मग दोन-तीन महिन्यांनी हे पोस्टाने आलं, गुंडाळून. लावायला आईने बंदी केली. खणात घातलं, मापाला अगदी बरोबर बसलं."

मापाला बरोबर बसलं! मार्सेला, मी त्या कागदासाठी एकेचाळीस वर्षं शोध घेतला होता. मला त्याने लिहिलं होतं की सगळी जाळली. एक जाळलं नव्हतं, आणि ते तुला पाठवलं होतं. आणि तू त्यावर टेबलक्लॉथ रचलेस.

मी भिंग काढलं. ठिपके नव्हते. बोट फिरवलं, शाईचा थर लागला. खिडकीकडे तिरपं धरलं, तर तुझ्या गालावर खवले चमकले. मला पहिल्या क्षणालाच कळलं होतं. तरी मी पाच मिनिटं तपासल्यासारखं केलं. टॅम्सिन श्वास रोखून बघत होती. मग मी म्हणाले, "सत्त्याऐंशीची नक्कल आहे."

तू म्हणालीस, "अगं, पण मला तर एकोणसत्तरमध्येच आलं होतं."

तिथे मला थांबता आलं असतं. "परत बघते" म्हणता आलं असतं. पण मी चौकटीतल्या त्या कार्डाबद्दल टॅम्सिनला सांगितलं, ऑरिनने स्वतः लिहिलंय की सगळी जाळली. "असं पोस्टर शिल्लकच राहिलं नव्हतं. त्या दुकानवाल्याने मनाने रचून छापलं असणार. मुलगी कुणीही असेल." आणि तुझ्याकडे वळून, तुझ्या हातावर हात ठेवून, लाडाने म्हणाले, "मार्सी, पन्नास वर्षं झाली. सरमिसळ होते गं माणसाची."

टॅम्सिनने वहीत लिहून घेतलं. माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? तू पोस्टरची मुडपलेली कड बोटाने सपाट केलीस. मग हसलीस. "बघ, मी उगाच शेफारले. मग हे टाकून देऊ?" मी म्हणाले, "मला दे. नक्कल कशी ओळखायची ते दाखवायला उपयोगी पडेल." तू स्वतः गुंडाळलंस, त्याला निळी फीत बांधलीस आणि वर अर्धा रोल बांधून दिलास. तो मी गाडीतच खाल्ला. सगळा.

तुला वाटेल, मग मी खूश झाले असेन. पस्तीस पुरी झाली. पण ते मला लावताच आलं नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण जाणकार, एका नजरेत ओळखेल. ते मी सपाट खणात सर्वांत खाली ठेवलं. कधी कधी दिवसाउजेडी दार लावून काढायचे आणि बघत बसायचे. त्यात तू बाजूला बघतेस, माझ्याकडे नाही. मला त्याचाही राग यायचा.

त्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुझ्या लेकीकडे, जूडिथकडे, मला बोलावलं होतंत. नातवंडं तुला चिडवत होती. "आजी, तू म्हणे रॉकच्या पोस्टरवर होतीस! गिटारपण वाजवायचीस का?" जूडिथ त्यांना म्हणाली, "पुरे रे, आजीची गल्लत झाली होती, बर्नीमावशीने सांगितलंय ना." तू बटाटे वाढत होतीस. म्हणालीस, "हो बाबा, झाली गल्लत." मी माझ्या ताटाकडे बघत होते. तिथेही मला बोलता आलं असतं. मला आठवतं, मी ग्रेव्ही मागितली.

गेल्या वसंतात प्रदर्शन उघडलं. माझी चौतीस पोस्टरं काचेमागे, दिव्यांखाली, शेजारी माझं नाव. तू काठी टेकत आलीस, पोर्टेबल ऑक्सिजनवाल्या तुझ्या शेजारणीलाही घेऊन आलीस, आणि दिसेल त्याला सांगत होतीस, "ही माझी मैत्रीण. हिने एकटीने वाचवलं हे सगळं." वर्तमानपत्राच्या मुलीने तुला विचारलं, तुम्हीही जायचात का तिथे? तू माझ्याकडे पाहिलंस. परवानगी मागितल्यासारखं पाहिलंस. मग म्हणालीस, "मला वाटतं, एकदा-दोनदा. नक्की नाही सांगता येणार." ते "नक्की नाही" मी तुझ्या तोंडी घातलेलं होतं. पण मी फोटोला उभी राहिले.

मग जानेवारीत जूडिथ म्हणाली, तू हल्ली प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतेस. गॅस बंद केला का, ही गोळी सकाळची का, गसचं थडगं डावीकडे की उजवीकडे. गोष्टी तुला आठवत असतात, पण आठवतं त्यावर तुझा विश्वास राहिला नाही. तिने तुला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाचही तू बरोबर सांगितलेस, आणि तरी म्हणालीस, "चुकलेच असतील." जूडिथ रडत होती. "ते पोस्टर निघालं ना, तेव्हापासून सुरू झालं, बर्नीमावशी. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतकी मी नीच आहे.

आणि परवा मंगळवारी तुझा फोन. तू आवाज खाली करून बोलत होतीस, जूडिथला ऐकू जाऊ नये म्हणून. "बर्नी, ते मला त्या उतारवयाच्या घरात ठेवायचं म्हणतायत, जिथे दारं बाहेरून लागतात. मी सही करणार आहे सोमवारी. फक्त एक सांग, तू जवळची म्हणून विचारते. मी त्या माणसासमोर खरंच बसले होते का गं? मला अजून त्याच्या पेन्सिलीचा आवाज ऐकू येतो. नसलेली गोष्ट इतकी स्वच्छ आठवत असेल, तर मग मी आईच्या, गसच्या म्हणून ज्या गोष्टी आठवते, त्याही खऱ्या नसतील." मी म्हणाले, कुणीतरी दार वाजवतंय, आणि फोन ठेवला. दारात कुणी नव्हतं.

म्हणून हे लिहिते आहे. आज जाऊन टॅम्सिनला सगळं सांगून आले, तिने लिहून घेतलं, माझी सही घेतली. निघताना तिने मला कोटही घालून दिला नाही. पोस्टर तिच्याकडे आहे, तुझ्या नावाने. उद्या सकाळी हे पत्र मी स्वतः आणून देईन आणि तू वाचेपर्यंत जूडिथच्या दिवाणखान्यात बसेन, म्हणजे तिला आणि मुलांना माझ्या तोंडून ऐकता येईल. सोमवारी कशावरही सही करू नकोस. आणि आता ते दुसऱ्यांदाचं. सप्टेंबरचा पहिला गुरुवार होता. माझ्या आईने मला बोलवायला तुला पाठवलं होतं. मी खळीची बादली भरून यंत्रखोलीच्या दारात आले, तर तू उलट्या खोक्यावर बसली होतीस. आत गारठा होता, म्हणून ऑरिनने आपलं रंगाचे डाग पडलेलं जाकीट तुझ्या खांद्यांवर टाकलं होतं. तो म्हणाला, "हलू नकोस." तू म्हणालीस, "माझी बस चुकेल." तो हसला, त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पेन्सिलीचा आवाज येत होता, मलाही आला होता. तू चाळीस मिनिटं बसलीस, मार्सेला, आणि ती चाळीस मिनिटं मी दारात उभी होते, आणि तुम्हा दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. ते पाहिलेलं आता जगात एकच माणूस उरलं आहे, ते मी. तू बसली होतीस. तुला जे जे आठवतं, ते सगळं झालं होतं.

तू ठेवशील तर, तुझीच
बर्नी